दोन देशांचा हार्डवुड व्यापार ताडून पाहायचा असेल तर

लातूरला आमची लाकडाची वखार आहे. दारा-खिडक्यांच्या चौकटी, पलंगाचं लाकूड, थोडं फर्निचरचं, असा धंदा. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं सांगितलं, नेहमीचा मलेशियन साल नको, अमेरिकन ओक पाहिजे. ओक मागवायचा तर आधी पैसे अडकणार. म्हणून मला एवढंच बघायचं होतं, की गेल्या वीस वर्षांत अमेरिकेतून आणि मलेशियातून किती हार्डवुड बाहेर गेलं, कुणाचा माल वाढतोय आणि कुणाचा आटतोय.

दोन दिवसांचं काम वाटलं होतं, लागले तीन महिने. त्यातले पहिले दोन वाया गेले, कारण मी शेजारी-शेजारी मांडलेल्या दोन रेघा एकाच गोष्टीच्या नव्हत्या. एकीत ओंडके मिसळलेले होते, दुसरीत नुसत्या फळ्या. एकीचं वर्ष जानेवारीला सुरू होत होतं, दुसरीचं एप्रिलला. वखारवाले, फर्निचरवाले, कॉमर्स-अर्थशास्त्राचे विद्यार्थी, ज्यांना कुणाला ही तुलना करायची आहे त्यांचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

काय काय लागेल

- संगणक आणि एक स्प्रेडशीट. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. मोबाइलवर हे काम करू नका, रकाने सरकतात.
- यूएन कॉमट्रेड (संयुक्त राष्ट्रांचं देशोदेशींच्या व्यापार-आकड्यांचं संकेतस्थळ) आणि यूएसआयटीसी डेटावेब (अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचं) या दोन ठिकाणी खातं. दोन्हींना पैसे लागत नाहीत.
- एचएस कोडची, म्हणजे कस्टममध्ये प्रत्येक मालाला दिलेल्या क्रमांकांची यादी, शक्यतो २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ अशा पाचही आवृत्त्यांची.
- एक साधी वही. कुठला आकडा कुठून, कुठल्या तारखेला घेतला हे तिच्यात लिहायचं. ही वही टाळली तर महिन्यानं तुमचाच तक्ता तुम्हाला परका वाटेल.

१. प्रश्न एका ओळीत लिहून काढा

"अमेरिका आणि मलेशियाचा लाकूड व्यापार" हा प्रश्न नव्हे, तो नुसता विषय झाला. माझा प्रश्न शेवटी असा ठरला: "२००५ ते २०२४ या काळात अमेरिका आणि मलेशिया यांनी जगाला दरवर्षी किती घनमीटर चिरलेलं हार्डवुड निर्यात केलं?" या ओळीत पाच गोष्टी पक्क्या आहेत: काळ, देश, निर्यात की आयात, एकक आणि मालाचं रूप. यातली एक जरी मोकळी सोडली तर पुढं ती आपोआप आणि दोन्ही देशांसाठी वेगवेगळी ठरते.

रक्कम धरायची की आकारमान, हेही इथंच ठरवा. माझा आग्रह आकारमानाचा आहे. अमेरिकेनं एका वर्षी स्वस्त ट्यूलिपवुड कमी आणि महाग अक्रोड जास्त विकला, तर डॉलर वाढलेले दिसतील आणि जहाजात लाकूड मात्र कमी असेल. ज्याला माल मिळेल की नाही याची काळजी आहे, त्यानं घनमीटरच बघावेत.

२. हार्डवुड म्हणजे 'कठीण लाकूड' नव्हे

मराठीत सरसकट 'कठीण लाकूड' लिहितात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. ही विभागणी झाडाच्या जातीवर आहे, लाकडाच्या कडकपणावर नाही. रुंद पानांच्या, फुलं येणाऱ्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड. सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. आपली बाभूळ, लिंब, आंबा, किनवटच्या जंगलातला साग हे सगळं हार्डवुड. पण काटेसावरसुद्धा हार्डवुडच, मग तिची फळी कितीही हलकी आणि पोचट असो. उलट देवदार, चीड आणि पॅकिंगच्या पेट्यांना लागणारं पाइन हे सॉफ्टवुड.

बाजारातली नावं तर या कामाला अजिबात धरू नका. आपल्याकडं 'मलेशियन साल' म्हणून जे विकलं जातं ते आपल्या सालाचं झाड नव्हे. त्या नावाखाली तिकडच्या वेगवेगळ्या जाती येतात. 'बर्मा साग' हे नाव कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर अजून आहे, पण म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका, पनामा अशा देशांतला लागवडीचा साग आपल्याकडं मोठ्या प्रमाणावर येतो. देशाचा आकडा शोधायचा तर दुकानाची पाटी बाजूला ठेवून कस्टमचा कोड बघावा लागतो.

३. कोड नीट निवडा

जगभर लाकडाचा धडा ४४ क्रमांकाचा. पहिले सहा अंक सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे ज्याचे-त्याचे. भारतात एकूण आठ, अमेरिकेत दहा. आपल्याला लागणारे शीर्षक असे:

- ४४०३: ओंडके
- ४४०७: लांबीत चिरलेलं, ६ मिलिमीटरपेक्षा जाड लाकूड. वखारीच्या भाषेत कट साइज. आपलं काम याच्याशी.
- ४४०८: ६ मिलिमीटरपर्यंतचं विनियर
- ४४०९: खाच-जीभ काढलेल्या फळ्या, फ्लोअरिंगच्या पट्ट्या वगैरे
- ४४१२: प्लायवुड

आता सापळा ऐका, यात मी पंधरा दिवस अडकलो होतो. अमेरिकेच्या आकड्यांत मला दिसलं, की मेपल, चेरी आणि अ‍ॅश यांची निर्यात २००६ पर्यंत शून्य आणि २००७ ला एकदम मोठी. मी त्याची कारणं शोधत बसलो. खरं कारण एवढंच होतं, की २००७ च्या आवृत्तीत या तीन लाकडांना स्वतंत्र कोड मिळाले: ४४०७.९३, ४४०७.९४ आणि ४४०७.९५. त्याआधी ती सगळी ४४०७.९९ मध्ये, म्हणजे 'इतर'मध्ये होती. बर्च आणि पॉप्लर २०१७ ला वेगळे झाले. सागाचं तर अलीकडचंच आहे. चिरलेल्या सागाला ४४०७.२३ हा कोड २०२२ ला मिळाला, तोवर तो ४४०७.२९ मध्ये इतर उष्णकटिबंधीय लाकडांबरोबर मोजला जायचा. म्हणून २०२२ ला ४४०७.२९ घसरलेला दिसला तर लगेच बाजार पडला असं समजू नका.

यावर उपाय सोपा आहे. जातवार बेरीज करत बसू नका. ४४०७ चा एकूण आकडा घ्या आणि त्यातून सूचिपर्णी लाकूड वजा करा. २०१६ पर्यंत सूचिपर्णी म्हणजे ४४०७.१०, २०१७ पासून ४४०७.११ ते ४४०७.१९ मधले सगळे. उरलं ते हार्डवुड. आतल्या आत कोड कितीही फुटले तरी ही वजाबाकी वीस वर्षं तशीच टिकते. देशानं नवी आवृत्ती एखादं वर्ष उशिरा लागू केली असेल, तर त्या वर्षी जुना कोड चालू असतो. तेवढं डोळ्यानं तपासा.

४. आकडे कुठून घ्यायचे

दोन्ही देशांसाठी एकच स्रोत घ्या. हा नियम मोडायचा मोह होतो, कारण प्रत्येक देशाचं स्वतःचं संकेतस्थळ जास्त बारकावे देतं.

पहिली चाचपणी एफएओस्टॅटवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आकड्यांच्या संकेतस्थळावर करा. तिथं वनविभागाच्या यादीत 'सूचिपर्णी नसलेलं चिरीव लाकूड' अशी तयार ओळ आहे, आकडे घनमीटरमध्ये आणि १९६१ पासूनचे. प्रत्येक आकड्याशेजारी खुणेचं अक्षर असतं: देशानं अधिकृत कळवलेला आकडा की अंदाजानं भरलेला. तो रकाना उतरवून घ्यायला विसरू नका. एखाद्या देशाची रेघ चार वर्षं अगदी सपाट दिसली तर ती खूण बघा. बहुतेक वेळा मागचाच आकडा पुढं ओढलेला असतो.

कोणत्या देशाला किती गेलं हे पाहिजे असेल तर यूएन कॉमट्रेड. फक्त अमेरिकेचं जातवार पाहिजे असेल तर यूएसआयटीसी डेटावेब किंवा अमेरिकी कृषी खात्याची 'गॅट्स' ही व्यापार-आकड्यांची प्रणाली. भारताचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात डेटा बँकेत मिळतात, पण ते एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षाचे असतात आणि कॉमट्रेड जानेवारी ते डिसेंबर धरतं. ही दोन वर्षं एका रकान्यात आली तर तुलना तिथंच संपते. मासिक आकडे मिळत असतील तर ते घेऊन वर्ष स्वतः बांधा.

योकोहामाच्या आयटीटीओचे (आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेचे) अहवाल वाचायला फार चांगले आहेत, मी अजूनही वाचतो. पण त्या संस्थेचं काम उष्णकटिबंधीय लाकडाचं. मलेशिया तिथून आणि अमेरिका दुसरीकडून घेतली, तर दोन रेघांच्या व्याख्याच वेगळ्या होतात.

५. एकक: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्याकडं जुनं घर चौरस फुटांत सांगत नसत, पाच खणांचं, सात खणांचं म्हणत. खण केवढा हे गावाला ठाऊक असे. लाकडाच्या व्यापारातली एककं अजून तशीच आहेत. वापरणाऱ्याला माहीत असतात, बाहेरच्याला फसवतात.

माझे वडील ओंडक्याला सुतळी गुंडाळून गोलाई घ्यायचे. ती सुतळी चार पदरी दुमडायची, जी लांबी येईल तिचा वर्ग करायचा आणि ओंडक्याच्या लांबीनं गुणायचं. १२० सेंटिमीटर गोलाईचा, ४ मीटर लांब ओंडका घ्या. चौथा हिस्सा ०.३० मीटर, त्याचा वर्ग ०.०९, गुणिले ४, म्हणजे ०.३६ घनमीटर. पण वर्तुळाच्या सूत्रानं तोच ओंडका ०.४५८ घनमीटर भरतो. सुतळीच्या पद्धतीत साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबाबाहेर राहतं. चिरताना वाया जाणाऱ्या लाकडाची ती सूट समजली जाते. ही वडिलांची खास पद्धत असेल असं मला वाटायचं. नंतर कळलं, की जगाच्या लाकूड बाजारात तिला हॉपस माप म्हणतात आणि बर्मा सागाचे सौदे पिढ्यान्‌पिढ्या याच मापात झाले.

म्हणून जुन्या अहवालात 'टन' दिसला की थांबा. टन तीन प्रकारचे आहेत:

- ओंडक्यांचा हॉपस टन: ५० हॉपस घनफूट, म्हणजे १.८०३ घनमीटर
- मलेशिया-म्यानमारकडचा चिरलेल्या लाकडाचा टन: ५० साधे घनफूट, म्हणजे १.४१६ घनमीटर
- वजनाचा मेट्रिक टन: १,००० किलो, ज्याचे घनमीटर लाकडाच्या जातीवर ठरतात

पहिले दोन टन आकारमानाचे आहेत, त्यांना किलोशी देणंघेणं नाही. ते वजन समजून घनतेनं भागले तर आकडा कुठल्या कुठं जातो.

अमेरिकेचं माप बोर्ड फूट: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. १,००० बोर्ड फूट म्हणजे २.३६ घनमीटर. आपल्या सीएफटीचं, म्हणजे घनफुटाचं सांगायचं तर एका घनमीटरात ३५.३१५ घनफूट. अमेरिकेच्या व्यापार-संघटनांच्या आकड्यांत आणखी एक बारीक गोष्ट असते. भट्टीत वाळवल्यावर लाकूड आकसतं. तिथल्या देशांतर्गत व्यवहारात पुष्कळदा वाळवण्याआधीचं माप धरतात, निर्यातीत वाळल्यानंतरचं. फरक ७ टक्क्यांच्या आसपास. देशातली विक्री आणि निर्यात यांची तुलना करायची झाली तर हे लक्षात असू द्या.

एखाद्या वर्षी घनमीटर नसून फक्त किलो दिले असतील, तर घनतेनं भागावं लागतं: व्हाइट ओक सुमारे ७७० किलो दर घनमीटर, रेड ओक सुमारे ७००, ट्यूलिपवुड सुमारे ४५०. सरसकट एकच घनता लावली तर काय होतं ते यावरून दिसतंच. असे काढलेले आकडे तक्त्यात वेगळ्या रंगात ठेवा.

आणि ओंडके फळ्यांत मिसळू नका. एक घनमीटर कट साइजला साधारण १.८ ते २ घनमीटर ओंडका लागतो. दोन्ही एकत्र मांडायचेच असतील तर आधी एकाचं दुसऱ्यात रूपांतर करा, आणि कोणता गुणक लावला ते तक्त्याखाली लिहा.

६. कोणाची वही धरायची?

उसनवारीत देणाऱ्याच्या वहीत एक आकडा आणि घेणाऱ्याच्या वहीत दुसरा, हे आपण पाहिलेलं आहे. देशांचंही तसंच. मलेशियानं भारताला किती दिलं हे मलेशियाच्या निर्यातीत एक दिसेल आणि भारताच्या आयातीत दुसरं. डिसेंबरात निघालेलं जहाज जानेवारीत लागतं. वाटेत सिंगापूरला माल उतरून पुन्हा चढतो आणि मुक्कामाचा देश बदललेला दिसतो. दोघांपैकी कुणी खोटं लिहिलेलं असतं असं नाही.

दोन आकड्यांची सरासरी काढू नका. एक बाजू धरा आणि दोन्ही देशांसाठी, सगळ्या वर्षांसाठी तीच ठेवा. ज्या देशाची स्वतःची नोंद तुटक आहे, त्याच्यासाठी मात्र ग्राहक देशांच्या आयातीवर जावं लागतं. म्यानमारची सगळी वर्षं कॉमट्रेडवर नाहीत, त्यामुळे त्याचा साग मोजायचा तर भारताच्या आणि इतरांच्या आयातीतूनच. अशा वेळी दुसऱ्या देशाचाही आकडा आयातीच्याच बाजूनं घ्या. अमेरिका आणि कॅनडा ही जोडी घेतली तर मात्र हा प्रश्न पडत नाही, कारण अमेरिका कॅनडाला केलेल्या निर्यातीसाठी कॅनडाचीच आयात-नोंद वापरते.

७. दर काढून खोटे आकडे पकडा

प्रत्येक वर्षी एकूण डॉलर भागिले एकूण घनमीटर करा. चिरलेल्या हार्डवुडचा सरासरी दर काही शे डॉलर दर घनमीटर येतो, अक्रोडासारख्या महाग लाकडाचा त्याहून वर. मध्येच एका वर्षी पाच डॉलर किंवा पन्नास हजार डॉलर आला, तर घनमीटरच्या रकान्यात किलो किंवा दुसरंच काही भरलं गेलंय. असं वर्ष परस्पर दुरुस्त करू नका. समोरच्या देशाच्या नोंदीशी ताडून बघा, आणि जुळलं नाही तर ती जागा रिकामी सोडा.

रिकामी जागा आणि शून्य यांत फरक आहे. शून्य म्हणजे व्यापार झाला नाही, रिकामी म्हणजे नोंद आली नाही. माझ्या पहिल्या तक्त्यात स्प्रेडशीटनं रिकाम्या जागा शून्य धरल्या आणि आलेखाची रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेली.

८. शेजारी कसं मांडायचं

समजा, 'अ' देश २० लाख घनमीटरवरून २४ लाखांवर गेला आणि 'ब' देश १ लाखावरून २ लाखांवर. कोण जास्त वाढला? मालाच्या हिशेबानं 'अ', चार लाखांनी. वेगाच्या हिशेबानं 'ब', दुपटीनं. दोन्ही उत्तरं लागतात, म्हणून दोन आलेख काढा: एक सरळ घनमीटरचा, दुसरा निर्देशांकाचा. निर्देशांक म्हणजे पहिलं वर्ष १०० धरून बाकीची त्या प्रमाणात.

पहिलं वर्ष म्हणून एकच वर्ष घेऊ नका, पहिल्या तीन वर्षांची सरासरी १०० धरा. २००९ सारखं मंदीचं वर्ष पाया म्हणून घेतलं तर त्यानंतर सगळंच भरभराटीचं दिसतं. वार्षिक वाढीचा दर काढताना २००५ ते २०२४ यांत अंतर १९ वर्षांचं आहे, २० चं नाही, हे ध्यानात ठेवा.

डावीकडं एक मोजपट्टी आणि उजवीकडं दुसरी असा आलेख मी काढत नाही आणि तुम्हीही काढू नका. पट्ट्या थोड्या सरकवल्या की कोणत्याही दोन रेघा एकमेकींना पाहिजे तिथं छेदतात.

९. रेघ का वळली ते तारखेसह लिहा

आलेखावर घटनांच्या उभ्या खुणा करा. अमेरिकेच्या रेघेत २००९ चा खड्डा आहे, तो घरबांधणी कोसळण्याचा आणि जागतिक मंदीचा. त्यानंतर चीनची मागणी वाढत गेली. २०१७ पर्यंत अमेरिकी चिरीव हार्डवुडच्या निर्यातीतला निम्म्याच्या आसपास माल एकटा चीन घेत होता. २४ सप्टेंबर २०१८ पासून चीननं त्यावर जादा शुल्क लावलं, जून २०१९ ला ते वाढवलं, आणि रेघ खाली वळली. २०२० च्या महामारीची आणि त्यानंतर वाढलेल्या कंटेनर-भाड्याची खूण तर दोन्ही देशांवर करावी लागते.

मलेशियाची रेघ दोन दशकांत उतरत गेलेली दिसते. इथं घाईनं "तिथलं लाकूड संपलं" असं लिहू नका. नैसर्गिक जंगलातली तोड कमी झाली हे खरं, पण तिथं लाकूड देशातच वापरून फर्निचर आणि तयार माल विकण्यावरही भर दिला गेला. तो माल ४४०७ मध्ये दिसतच नाही, तो ४४०९ आणि ९४०३ मध्ये असतो. म्हणून कुठल्याही देशाचं ४४०७ घसरलं की हे दोन कोडही उघडून बघा.

एक खबरदारी. शुल्क आणि घसरण एकाच वर्षी आली म्हणून एकामुळंच दुसरी झाली असं ठरत नाही. मी त्या वर्षी चीनकडची घट किती आणि बाकी सगळ्या देशांकडची किती, असं वेगळं काढलं. चीनकडची घट बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठी निघाली, तेव्हाच शुल्काचं नाव वहीत लिहिलं.

१०. फाइल जपून ठेवा

उतरवलेली मूळ फाइल कधीही बदलू नका. तिची नक्कल घेऊन त्यावर काम करा आणि नावात तारीख घाला. देश आपले जुने आकडे मागाहून सुधारतात, खास करून शेवटच्या दोन वर्षांचे. मी दर जुलैत, पेरण्यांच्या दिवसांत वखार थोडी निवांत असते तेव्हा, ती दोन वर्षं पुन्हा उतरवून घेतो आणि जुन्या आकड्यांशेजारी मांडतो. ज्या वर्षी फरक दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त निघतो, त्या वर्षाच्या दर-तपासणीपासून, म्हणजे सातव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करतो.